पहिलटकरीण

बेल वाजली नाही. दारावर नखानं टकटक झाली. दोनदा, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा, अगदी हळू.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती स्वतःच्याच एका झग्याची कंबर उसवत होती. आठवा महिना सरत आला होता आणि झगा पोटावर येईनासा झाला होता. कात्री बाजूला ठेवून उठायला तिला दोन प्रयत्न करावे लागले. नवरा काहीतरी विसरला असेल, असं तिला वाटलं. शनिवार होता. जुन्या सामानाच्या दुकानात त्यांनी बाळासाठी कठड्याचा छोटा पलंग पाहून ठेवला होता, तो आणायला नवरा तासाभरापूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. पण नवऱ्याकडे किल्ली होती.

दारात एक उंच, किंचित वाकलेला म्हातारा उभा होता. एका काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी, दुसऱ्या हातात स्वतःचे बूट. बूट त्यानं खाली जिन्यातच काढले असावेत. तिच्या पोटाकडे पाहून तो हसला, ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजला,

"झोपली आहे का?"

इथली भाषा तिला कामापुरती येत होती. कपडे अल्टर करून देणाऱ्या दुकानात बसून कंबर, बाही, सैल, आखूड, मंगळवारी मिळेल, एवढे शब्द पक्के झाले होते. त्यामुळे आपलंच ऐकण्यात काहीतरी चुकलं, असं तिनं धरलं. पण समोरचा कुजबुजला की आपणही कुजबुजतो, जांभईसारखंच ते.

"कोण?" तिनं हळूच विचारलं.

म्हातारा आवाज न करता हसला. खांदे तेवढे हलले. "घरची मालकीण," तो म्हणाला. मग त्यानं तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं, लॅबमध्ये सगळे घेतात तसं अर्धंच. "मी त्याच्याबरोबर असतो. मी मेण करतो."

तेव्हा तिनं ओळखलं. नवरा दातांच्या लॅबमध्ये होता; कवळ्या, दातांच्या कॅपा, दातांचे पूल, दुसऱ्यांच्या तोंडात जायचं सगळं तिथं बनायचं. मेणवाल्याचं नाव घरात रोज निघायचं. कवळीचा मेणातला पहिला नमुना तो करायचा. नवरा इथं नवा आला तेव्हा त्यालाही त्यानंच घडवलं होतं, कामातही आणि भाषेतही. लॅब बसनं सव्वा तास लांब होती. तिथलं कुणी आजवर घरी आलं नव्हतं आणि तीही कधी गेली नव्हती.

"येत्या शुक्रवारी माझा कामाचा शेवटचा दिवस," मेणवाला म्हणाला. "म्हटलं, जायच्या आधी तिला एकदा पाहावं. तिच्यासाठी हे केलंय." आणि काखेतली वस्तू पुढे धरून त्यानं एक नाव उच्चारलं.

नाव मुलीचं होतं, तिच्या भाषेतलं. मधलं अक्षर त्याच्या जिभेला पेलत नव्हतं, म्हणून त्यानं ते सपाट करून टाकलं होतं. तरी कळलं. या घरात ते नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी इस्पितळाच्या कागदावर नावाच्या रकान्यात त्या दोघांनी रेघ मारली होती. मुलगी पूर्ण दिवसांची होती. डोक्यावर जावळ होतं, बोटांना नखं होती. श्वास तेवढा नव्हता.

तिनं दाराच्या कडीवरचा हात काढला नाही. दार लावता आलं असतं. तुमचा काहीतरी घोटाळा झालाय, असं म्हणता आलं असतं. तेवढी भाषा तिला येत होती. मेणवाला मोज्यांवर उभा होता. त्याच्या डाव्या मोज्याला टाचेवर रफू केलेलं होतं, घरच्या हातानं, जाड दोऱ्यानं.

"आत्ताच झोपली," ती म्हणाली. "या, आत या."

ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. झोपायच्या खोलीचं दार समोरच होतं, लोटलेलं. मेणवाल्यानं खुर्ची ओढली नाही, उचलून सरकवली. चहाचं पाणी उकळायला लागलं तेव्हा त्याची शिट्टी वाजू नये म्हणून तिनं किटलीचं झाकण आधीच काढलं, आणि काढल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

"लगेच दुसरं," मेणवाला तिच्या पोटाकडे मान करून म्हणाला. "शूर आहात."

ती कप मांडत राहिली. घरी फोन केला की आई म्हणायची, पहिलटकरीण आहेस, जिने चढू नकोस. सासूबाई म्हणायच्या, पहिलटकरणीला जरा उशीरच होतो, घाबरायचं नाही. झालं गेलं त्या दोघींनी असं पुसून टाकलं होतं की त्याचा डागसुद्धा राहू दिला नव्हता. चुकून ती काही बोललीच, तर आई मध्येच जेवलीस का, असं विचारायची.

मेणवाल्यानं कागद सोडला. आत फिक्या लाकडाची चपटी पेटी होती. झाकण उघडलं तर आत कप्पेच कप्पे, एकेक नखाएवढा, कमानीसारख्या दोन ओळींत.

"दुधाच्या दातांची," तो म्हणाला. "वीस कप्पे आहेत. दुधाचे दात वीसच. पडेल तो त्याच्या त्याच्या जागी ठेवायचा. लॅबमधले सगळे हसले मला. आयुष्यभर खोटे दात केले, म्हटलं एकदा खऱ्यांसाठी काहीतरी करू." मग हिशेब तपासल्यासारखं विचारलं, "आठ झाले ना? वरचे चार, खालचे चार?"

"आठ," ती म्हणाली.

"आणि दाढ येतेय."

"हो."

"तरीच किरकिर करते म्हणतो तो."

दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या पिशवीत तिला एक कार्ड सापडलं होतं, त्यावर रंगीत खडूंनी मोठा एकाचा आकडा काढलेला. हे काय, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, आमची लॅब एक नंबर आली. ती हसली होती. आज ते कार्ड तिच्या डोळ्यांसमोर असं उभं राहिलं की तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

"तो काय काय सांगतो तिच्याबद्दल?" तिनं विचारलं. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. त्यात हाव होती.

मेणवाला खुलला. लेकीबद्दल आईलाच सांगायला मिळतंय याची त्याला गंमत वाटली असावी. "सगळंच सांगतो. तुमच्याकडे लहान मुलांचे फोटो दाखवत नाहीत ना, दृष्ट लागते म्हणून. मग त्यानं सांगायचं आणि आम्ही मनात चित्र काढायचं. दोन महिन्यांची असताना पाठीवरून पोटावर वळली, आणि मग परत वळता येईना म्हणून भोकाड पसरलं. केळं तोंडात घातलं की थुंकते. झाडू पाहिला की घाबरते, पण झाडणाऱ्याला नाही. चालायला लागली तीन आठवड्यांपूर्वी. उजव्या पायात बूट घातल्याशिवाय डावा घालू देत नाही. आणि झोपताना तुमचा कान धरते. पाळी चोळत राहते, झोप लागेपर्यंत. म्हणून तुम्ही कानात काही घालत नाही."

तिचा हात कानाकडे गेला. कानात काही नव्हतं. इस्पितळात काढून ठेवलेल्या कुड्या तिनं परत घातल्याच नव्हत्या. त्याचं कारण नवऱ्यानं तिला कधी विचारलं नव्हतं.

त्याच वेळी खोलीतून आवाज आला. फार मोठा नाही. उशी पलंगावरून घसरून पडावी, तसा.

मेणवाल्यानं बोट वर केलं. "उठली," तो ओठांच्या हालचालीनंच म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला होता. "एवढंसं दार उघडलंत तर मी इथूनच बघेन. आत येत नाही."

"नवीन माणूस दिसलं तर रडेल," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून इतकं पटकन, इतकं बिनचूक आलं की जणू रोजचंच होतं.

ती उठली, खोलीत गेली आणि पाठीमागे दार ओढून घेतलं.

खोलीत दुपारचं ऊन पलंगाच्या निम्म्यावर आलं होतं. दोन्ही उशा जागच्या जागी होत्या. खिडकी बंद होती. कपाटावरच्या बॅगा, खुर्चीवरचे कपडे, सगळं जसंच्या तसं. काहीच पडलेलं नव्हतं. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. लगेच बाहेर जाणं बरं दिसणार नव्हतं. उठलेलं मूल काही क्षणात झोपत नाही. ती पलंगाच्या कडेवर टेकली. ऊन आणि सावली जिथं मिळत होती, तिथं चादरीला एक खळगा होता. तिनं त्यावर हात ठेवला. मग हात उचलून परत ठेवला, आणि असा उचलत ठेवत राहिली. पोटातलं बाळ तेवढा वेळ अजिबात हललं नाही. ते ऐकत असावं, असं तिला वाटलं. किती वेळ गेला ते तिला नंतर सांगता आलं नाही. ऊन उशीपर्यंत सरकलं होतं एवढं खरं.

ती बाहेर आली तेव्हा नवरा दारात उभा होता. पलंगाचे कठडे त्यानं दोरीनं बांधून खांद्याला लावले होते. मेणवाल्यानं त्याला आत येताच गप्प केलेलं दिसत होतं, कारण म्हाताऱ्याचं बोट अजून ओठांवर होतं आणि नवऱ्याचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. त्यानं टेबलावरची पेटी पाहिली होती. आता तो तिच्याकडे पाहत होता.

"झोपली," ती आधी मेणवाल्याला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, आपल्या भाषेत, तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "ओझं हळू ठेव. आत्ताच झोपलीय."

त्यानं कठडे खाली ठेवले. त्यांचा मुळीच आवाज झाला नाही.

मेणवाला आणखी थोडा वेळ बसला. निघताना त्यानं बंद दाराकडे पाहून हात हलवला, आणि बूट हातात घेऊनच जिना उतरला.

नवऱ्यानं टेबलावरचे कप विसळले, पुसले, जागेवर ठेवले. मग पुन्हा काढून विसळायला घेतले.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. त्यानं पेटीचं झाकण लावलं.

"आठ दिवसांनी कामावर गेलो ना, तेव्हा त्यांनी माझ्या टेबलाला फुगा बांधला होता. तुला इस्पितळात नेलंय, एवढंच त्यांना माहीत होतं. सगळे गोल करून उभे राहिले. मेणवाल्यानं विचारलं, मुलगा की मुलगी? मी म्हटलं, मुलगी. आणि पुढचं सांगायला तोंड उघडलं, तर मला शब्दच येत नव्हता. जबडा येत होता, हिरडी येत होती, सुळा येत होता. पोटातच गेलेल्या बाळाला काय म्हणतात, तो नव्हता येत. तेवढ्यात त्यांनी टाळ्या वाजवल्या."

"इस्पितळात म्हणाले होते की तो शब्द. दहादा म्हणाले असतील."

"तेव्हा मी ऐकत नव्हतो."

"मेली, हे तर येत होतं तुला."

"ते येत होतं." तो पेटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "ते आम्ही मशीनच्या बॅटरीला म्हणतो. मला ते तिला लावायचं नव्हतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं, आणि दोघांनीही एकदमच खोलीकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

"दुसऱ्या दिवशी विचारलं, रात्री झोपू देते का," नवरा म्हणाला. "म्हटलं, नाही. ते काही खोटं नव्हतं. झोपत नव्हतोच आपण. मग रोजच विचारायला लागले. एक दिवस थांबवू म्हणायचो, आणि त्या दिवशी ती पालथी पडायची. मग बसायला लागली. कुणाला सांगू आणि कसं?"

"नाव?"

"त्यांनी विचारलं. काहीतरी सांगायला हवं होतं." मग तो म्हणाला, "काहीतरी नव्हे. मी आधीच ठरवून ठेवलं होतं. तुला सांगणार होतो."

तिनं झग्याची उसवलेली कंबर मांडीवर ओढली आणि निघालेल्या दोऱ्याचे तुकडे एकेक करून वेचू लागली.

"चौदा महिने तू तिला घेऊन हिंडलास," ती म्हणाली. "आणि मी इथं एकटी. संध्याकाळी घरी येताना कुठं ठेवून यायचास तिला?"

त्यानं पेटी हातानं थोडी लांब सरकवली.

"बसमध्ये," तो म्हणाला. "शेवटचे दोन थांबे राहिले की तिचा विचार बंद करायचो. तुला चेहऱ्यावर दिसू नये म्हणून."

ती रडली नाही. वेचलेले दोरे तिनं मुठीत घट्ट धरले आणि म्हणाली, "मला सांग सगळं. त्याला जे सांगितलंस ते, आणि न सांगितलेलंसुद्धा."

तो सांगत राहिला आणि ती ऐकत राहिली. मध्ये ती एखादी दुरुस्तीही करायची: चार महिन्यांची पोर नाही रे असं बसत, मग तो म्हणायचा, बरं, सहा. सगळं आजच्या शनिवारपर्यंत येऊन थांबलं, तेव्हा ती म्हणाली,

"सोमवारी त्यांना सांगून टाक. हे बाळ येतंय. याला जन्मभर एक न दिसणारी ताई सांभाळायला लावायची का आपण?"

"शब्द मला आता माहीत आहे," तो म्हणाला. "केव्हाच शोधून ठेवलाय."

सोमवारी तो दुपारी दीडलाच परत आला. ती दारातच उभी होती, पण त्यानं तिच्या बाजूनं आत येऊन, न उघडलेला डबा तसाच ओट्यावर ठेवला.

"सांगितलं," तो म्हणाला. "त्यांना पटलं नाही."

"पटलं नाही म्हणजे?"

"मला खुर्चीवर बसवलं. कुणीतरी खिडकी उघडली. साहेब म्हणाले, दोन दिवस घरी थांब, दुसरं मूल यायच्या आधी होतं असं काही बापांना. आणि मेणवाला चिडला माझ्यावर. इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता मी. म्हणाला, जित्या पोरीबद्दल असलं बोलू नये. म्हणाला, मी शनिवारी तिच्या घरात होतो. मी ऐकलंय तिला."

ती हळूहळू खुर्चीत बसली.

"काय केलंस तू आत?" नवऱ्यानं विचारलं. रागानं नाही; अंधारात जिन्याची पायरी चाचपावी तसं.

"थोपटलं."

"काय?"

"चादर," ती म्हणाली.

शनिवारी आपण नवऱ्याचं खोटं ऐकून घेतलं, असं तिला वाटत होतं. आता तिच्या लक्षात आलं की नवऱ्यानं चौदा महिन्यांत जे केलं नव्हतं, ते आपण एका दुपारी करून ठेवलं. त्याच्या बोलण्यातल्या पोरीला आपण घर दिलं, खोली दिली, झोप दिली. ते मोडायचं, तर आता त्याच्या एकट्याच्या हातचं राहिलं नव्हतं.

"उद्या मी येते," ती म्हणाली. "मला तो शब्द लिहून दे."

त्यानं तो दुकानाच्या पावतीमागे आपल्या अक्षरांत लिहून दिला. तीन अक्षरं होती, शेवटचं जवळपास न उच्चारायचं. बसमध्ये सव्वा तास ती तो मनात म्हणत राहिली. बाळ सारखं लाथा मारत होतं आणि नवरा प्रत्येक वळणावर तिच्यापुढे हात आडवा धरत होता.

लॅब म्हणजे एक लांबट, उजेडाची खोली होती. प्लास्टरचा आणि जळक्या मेणाचा वास होता. भिंतीलगतच्या फळ्यांवर साचे मांडलेले, प्रत्येकाखाली नाव लिहिलेली चिठ्ठी. वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत नुसते जबडे, हसत असलेले, आणि हसणारं कुणीच नाही. ती आत आली तशी मशीनं एकेक करून बंद पडत गेली. सहा-सात माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांचे हात पांढरे होते. मेणवाल्यानं आपली खुर्ची पुसून तिच्याकडे सरकवली आणि तिच्या पाठीमागे, दाराकडे पाहिलं. पोरीला बरोबर आणलंय का, हे तो पाहत होता.

ती बसली नाही. खुर्चीची पाठ धरून तिनं तो शब्द उच्चारला. स्पष्ट, शेवटचं अक्षर गिळून, इथले लोक गिळतात तसं. मग तिला येत होते तेवढे शब्द एकापुढे एक ठेवले. मुलगी होती. पूर्ण वाढलेली होती. चौदा महिने झाले. त्याला तेव्हा सांगता आलं नाही. शनिवारी मी खोटं बोलले. खोलीत कुणी नव्हतं.

खिडकीपाशी बसणारी एक बाई तोंडावर पांढरा हात ठेवून उभी राहिली. हात काढला तेव्हा तिच्या गालावर चार बोटं उमटलेली होती. साहेब नवऱ्याजवळ गेले आणि त्याच्या दंडाला धरून नुसतेच उभे राहिले. या वेळी सगळ्यांना पटलं होतं. ते दिसत होतं. एवढ्या सगळ्यांच्या मनात वाढत असलेलं मूल एका झटक्यात कमी झालं होतं, आणि ते तिनं, त्याच्या आईनं, केलं होतं.

मेणवाला मात्र तिच्याकडे एकटक पाहत होता. चिडलेला नव्हता. एखादा साचा दुसऱ्यावर बसत नसला की कारागीर ज्या नजरेनं पाहतो, त्या नजरेनं तो पाहत होता.

"तुम्ही आत गेलात," तो हळूच म्हणाला. "दार लावलंत. थोड्या वेळानं मी ऐकलं."

"मी असेन," ती म्हणाली. "मी काहीतरी बोलले असेन."

"दोन आवाज होते." आणि तो आवाज कसा होता ते सांगायला त्यानं ओठ मिटले आणि उघडले. "मम्," तो म्हणाला. "असं. दोनदा. मग तुम्ही काहीतरी म्हणालात, मग पुन्हा एकदा. मम्. त्याचा अर्थ काय?"

हा शब्द त्याच्या जिभेवर कुठंही अडला नव्हता. घरी, आपल्या भाषेत, बोलायला नुकतंच लागलेलं मूल पाणी मागताना असंच म्हणतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मान किंचित हलवली: नाही, हे मी कधी सांगितलेलं नाही. खोलीत आपण तोंड उघडलं होतं का, हे ती आठवू लागली. ऊन आठवत होतं, चादरीचा खळगा आठवत होता, हाताला लागलेली ऊब आठवत होती. बाकी काही आठवेना.

"पाणी," ती शेवटी म्हणाली.

मेणवाल्यानं मान डोलावली. तिला तहान लागली आहे, असं त्यानं घेतलं, की दुसरं काही, ते कळायला मार्ग नव्हता. तो कोपऱ्यातल्या नळाशी गेला, काचेचा पेला दोनदा विसळला आणि भरून आणला. आता ती बसली. निम्मं पाणी ती प्यायली. मशीनं बंदच होती, सगळे तिच्याभोवती उभे होते.

तिनं पेला मेणवाल्याच्या टेबलाच्या कडेला ठेवला. मग तो कडेपासून वीतभर आत सरकवला, लहान हात पोचणार नाही एवढा.

मेणवाल्यानं ते पाहिलं. थोड्या वेळानं त्यानं हात लांबवला, आणि पेला आणखी थोडा आत सरकवून ठेवला.